लाकडी बेडूक

त्रेचाळीस साली आमच्या फॅक्टरीत तोफगाड्यांचं काम दिवसरात्र चालायचं. नीलकंठ केळापुरे लेथवर होता आणि मी तपासणीत. सूतभर फरकावरून माल परत पाठवणं हीच माझी नोकरी, त्यामुळे अंदाजाने बोलायची मला सवय नाही. पंधरा दिवसांतून एक रविवार सुट्टी मिळे. त्या दिवशी आम्ही सायकली काढून पनागर गावाच्या वाटेवरच्या एका तळ्यावर मरळ मासे धरायला जायचो.

तळं उथळ. मी बांबूने मोजलं होतं, कुठेही कमरेच्या वर पाणी नव्हतं. अर्ध्या भागात शिंगाड्याचे वेल, बाकी सगळं शेवाळ. साधा गळ टाकला की गुंतलाच. म्हणून नीलकंठने शिवणीच्या लाकडाचा, पाठीवर गळ बसवलेला बेडूक केला. तो पाण्यावर तरंगायचा, दोरीला हिसका दिला की ‘टप्’ वाजायचा, आणि खाली दबा धरून बसलेली मरळ शेवाळ फाडून त्याच्यावर झेपावायची. पाणी असं उडायचं की आम्ही दोघे बाप्ये काठावर नाचायचो.

त्या रविवारी दिवाळीनंतरचं कोवळं ऊन होतं. नऊच्या आत दोन मरळी मिळाल्या. नीलकंठच्या बायकोने, शैलजावहिनींनी, बांधून दिलेल्या तिखट पुऱ्या खाता खाता त्याने आमच्या फोरमनच्या हिंदीची नक्कल केली. हसून हसून मला ठसका लागला. मग त्याने पुन्हा बेडूक फेकला.

टप्. टप्.

पाण्यात मधोमध लव्हाळ्याचं एक बेट होतं. त्याच्यामागून तसंच वाजलं. टप्. टप्.

मी म्हणालो, प्रतिध्वनी असेल. उघड्या तळ्यावर प्रतिध्वनी कुठून येणार, हे मलाही कळत होतं. नीलकंठ मात्र खूश झाला. त्याने तीनदा वाजवलं, तीन आले. एक, मग थांबून दोन वाजवले, तसेच आले. मी तळ्याला वळसा घालून बेटाची पलीकडची बाजू पाहून आलो. तिथे कोणी नव्हतं. शिंगाड्याची पानंसुद्धा हलत नव्हती.

मी परतलो तेव्हा त्याने पाच वाजवले. पाच आले. थोड्या वेळाने सहावा आपणहून आला.

“हा तर पुढचं मोजून राहिला, अच्युत,” नीलकंठ म्हणाला आणि पुन्हा हिसका दिला. बेडूक बेटाच्या कडेला अडकला.

मी म्हणालो, दोरी तोड, घरी जाऊ.

“तीन संध्याकाळी घालवल्या त्याच्यावर. काहून सोडू?”

तो होता तसाच पाण्यात उतरला. पाणी मांड्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत आलं. दोरी धरत धरत तो बेटाआड गेला.

मी वाट पाहिली. मिनिटभर काहीच ऐकू आलं नाही.

मग तो बेटाच्या दुसऱ्या बाजूने आला. बेडूक हातात, तोंडभर हसू. काठावर चढून मरळी पिशवीत टाकल्या आणि म्हणाला, “चलो, भूक लागली.”

आम्ही सायकलींवर बसलो तेव्हा मागे पुन्हा टपटप सुरू झालं. या वेळी मोजून नाही. घाईघाईने, सलग.

नीलकंठने वळून पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर तो अंगणातल्या खाटेवर बसून शेजाऱ्यांना मरळींची गोष्ट रंगवून सांगू लागला. सगळे हसत होते. मीही हसलो. शैलजावहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्याच्याकडे पाहत थबकल्या आणि मला आत बोलावलं.

“भाऊजी, हे खरंच पाण्यात उतरले होते?”

कमरेपर्यंत, मी म्हणालो.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. दारातून बाहेर बघत राहिल्या. मीही पाहिलं.

ऊन कपडा वाळवतं, पण धुऊन गेलेली खळ परत घालत नाही. नीलकंठच्या खाकी हाफपँटवर, सकाळी वहिनींनी खळ घालून केलेल्या इस्त्रीची घडी वरपासून खालपर्यंत सरळ उभी होती.