घरात: तीन

फोन दुरुस्त करण्यात वीस वर्षं गेली माझी. भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता, निदान त्या मंगळवारपर्यंत. हसू नका, ऐका.

दुपारी एक बाई आल्या, शाळेत शिक्षिका. हातात नवा कोरा फोन. "दादा, यात कंपनीनं आधीच घातलेलं एक अ‍ॅप आहे, ‘सोबत’. ते काढून द्या."

घरातल्या वायफायवरून कुठल्या खोलीत कोण आहे, ते आपण बाहेर असलो तरी ठिपक्यांनी दाखवणारं अ‍ॅप.

"घरात मी आणि माझी लेक, दोघीच. हे तीन दाखवतं."

"ताई, कंपन्या पैसे घेऊन असला कचरा भरतात. चुकतं ते."

अ‍ॅपवर बोट दाबून धरलं, तर काढायचा पर्यायच नाही! असं झालं की मला चेव येतो. केबल लावली, कॉम्प्युटरवर एक ओळ टाइप केली, खेळ खलास. फोनमधलं सगळं पुसायचं असलं तर मी गिऱ्हाइकाला दहा प्रश्न विचारतो. कचरा काढताना एकही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. डोळे सुजलेले.

"परत बसवा ते."

"अहो, कालच तर..."

"तिसरं गेलेलं नाही, दादा. घरातच आहे. आधी निदान कळायचं, कुठे आहे ते... ठिपका स्वयंपाकघरात असला, की लेकीला घेऊन मी बाहेर बसायचे. काल रात्री तिच्या उशाशी कुणीतरी..."

चूक माझीच होती.

नशीब, मूळ फाईल फोनच्या पोटातच राहते. दोन मिनिटांत अ‍ॅप परत आलं. ‘घरात: एक.’ ठिपका स्वयंपाकघरात.

"लेक शाळेतून आली वाटतं," असं म्हणताना बाईंना रडूच कोसळलं. "एकच आहे, दादा! गेलं ते!"

तेवढ्यात फोन वाजला. केबल लावलेलीच होती, म्हणून मी स्पीकर सुरू केला. शेजारणीच्या फोनवरून लेक बोलत होती.

"आई, केव्हाची बाहेर उभी आहे मी. उघड ना."

"बाळा... किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आतून कडी आहे. तूच तर दारामागून म्हणालीस, थांब, आले..."

मी फोनवर ओरडलो, "पोरी, पळ तिथून!"

स्वयंपाकघरातला ठिपका दाराकडे निघाला होता.

"हं, उघडलंस एकदाचं," ती म्हणाली, आणि फोन कट झाला.

पडद्यावर आकडा बदलला. घरात: दोन.