तिसरी कूक

ती कूक आत्मारामने ऐकली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. टळटळीत दुपारी, करवंदीच्या जाळ्यांपलीकडून, बारीक आवाजात आली. कूऽऽ... आधी एक. मग जरा दम घेऊन दुसरी. त्यानंतर साठ वर्षं गेली. या साठ वर्षांत त्याने बैलांच्या घुंगुरमाळा ऐकल्या, घाटातल्या एसटीचा भोंगा ऐकला, हल्ली तर गुराख्याच्या खिशातही गाणी वाजतात ती ऐकली. पण जरा निवांत बसला की कान आपले त्या जाळ्यांकडे लागायचे. तिसरी कूक यायची राहिली होती.

देवरुखच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या त्या वाडीत रानाचा एक रिवाज आहे. रानात कुणाला नावाने हाक मारायची नाही. कूक घालायची, तीही तीनदा. पहिल्या दोन कुकांना ओ द्यायची नाही, कारण रानात जे माणूस नसतं तेही दोनदा कूक घालतं. तिसरी फक्त माणसाची. आणि एकदा ओ दिली की ते माणूस तुमचं झालं. त्याला घरापर्यंत पोचवायचं, वाटेत सोडायचं नाही.

त्या दुपारी आत्माराम तिसऱ्या कुकेची वाट बघत उभा राहिला. ती आलीच नाही. त्याची बहीण जनी, आठ वर्षांची, करवंदं काढायला गेलेली, परत आली नाही. सगळी वाडी चार दिवस रान धुंडाळत होती. त्याने दोन कुका ऐकल्या होत्या, हे मात्र त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही.

यंदा पाडवा झाला आणि त्याच्या नातीने, सानवीने, रविवारच्या रानवाटा सुरू केल्या. आठवडाभर ती देवरुखला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची आणि रविवारी रत्नागिरीहून आलेल्या हौशी माणसांना डोंगरमाथ्यावरच्या पाखरटोकावर न्यायची. पुढे कोयता घेऊन आजोबा, मागे शिट्टी घेऊन नात. आत्मारामला हे काम मनापासून आवडलं. माणसं लांबून येतात, घाम गाळतात आणि वर पोचल्यावर लहान पोरांसारखी गप्प होतात, याची त्याला गंमत वाटायची.

त्या रविवारी मोजकी तीन माणसं होती. बँकेतला अपूर्व, त्याची बायको निशिगंधा, आणि वाचनालयात काम करणारी मृणाली, जी एकटीच आली होती. पांगारा लालभडक फुलला होता. सुरंगीचा वास वाट सोडत नव्हता. अपूर्व दर दहा पावलांवर फोटोसाठी थांबायचा आणि दम लागला म्हणून नाही असं सांगायचा. निशिगंधा म्हणाली, घरी जिना चढतानाही याला असेच फोटो काढावे लागतात.

झऱ्यावर आत्मारामने कुंभ्याची कोवळी पानं तोडली आणि प्रत्येकाला पाणी प्यायला द्रोण करून दिला. करवंदीचा काटा उजवीकडून टोचला की द्रोण बसतो. अपूर्वने करून बघितला, तर सगळं पाणी त्याच्या बुटात गेलं. निशिगंधा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"माझी बहीण होती, जनी. ती डावरी," आत्माराम हळूच म्हणाला. "ती काटा डावीकडून टोचायची. उलटा द्रोण. पण एक थेंब गळायचा नाय."

एवढं तो क्वचितच बोलायचा. सानवीने चमकून आजोबांकडे बघितलं.

मग त्याने कुकेचा रिवाज सांगितला. कुणी चुकलं तर तीनदा कूक घाला, तिसरीला मी ओ देईन. सगळ्यांनी घालून बघितली. मृणालीची कूक कुकरच्या शिट्टीसारखी निघाली आणि तिचं तिलाच हसू आवरेना. करवंदीच्या जाळ्या फळांनी लगडल्या होत्या, पण फळं अजून हिरवी, कडक, वाटाण्याएवढी होती. अपूर्वने एक चावलं आणि त्याचं तोंड बघून पुन्हा हशा झाला. पिकायला अजून महिना आहे, आत्माराम म्हणाला.

पाखरटोकावर वारा होता. खाली नदी वळणं घेत संगमेश्वराकडे निघाली होती. पश्चिमेला बोट दाखवून आत्माराम दरवेळी सांगायचा, ती चांदीची रेघ दिसते ना, तो समुद्र. खरं तर चैत्राच्या धुरकट हवेत तिथे काहीच दिसत नसे, पण आजवर दिसत नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. अपूर्वला तर एक बोटही दिसली. मग भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कैरीची चटणी खाऊन सगळे उतरायला लागले.

घसरड्या उतारावर अपूर्वला हात द्यायला सानवी पुढे आली होती. झऱ्यापाशी पोचल्यावर कळलं की मृणाली मागे नाही.

सुरंगीची फुलं वेचायला ती जरा थांबली होती, निशिगंधा म्हणाली. आत्मारामने वर बघितलं. सुरंगीपासून एक ढोरवाट फुटते. दिसायला ती मोठ्या वाटेपेक्षा चांगली, रुळलेली. पण शंभर पावलांवर कडा आहे, आणि कड्याच्या तोंडाशी सुटी माती.

सानवी शिट्टी वाजवत वर धावणार, एवढ्यात कूक आली. कुकरसारखीच. कूऽऽ... अपूर्व खूश होऊन ओ देणार होता, पण आपल्याला शिकवलेलं आठवून गप्प राहिला. मग दुसरी आली, थरथरती.

मग काहीच नाही.

रान एकदम मुकं झालं. पाखरू नाही, वारा नाही. झऱ्याचं पाणी पडत होतं, पण त्याचा आवाजही लांब गेल्यासारखा. ओ द्यायला हवी होती, हे आत्मारामला कळत होतं. साठ वर्षं कळत होतं. पण गळ्यात लहानपणचा रिवाज आडवा बसला होता, आणि तो बारा वर्षांचा पोर होऊन तसाच उभा होता.

"आबा..." सानवी कुजबुजली. "ओ द्या ना..."

तेवढ्यात तिसरी कूक आली.

ती वरून नाही आली. बाजूच्या करवंदीतून आली, अगदी जवळून. बारीक, आणि जराशी रुसलेली, खेळात कुणी घेतलं नाही की पोर रुसतं तशी.

"ओऽऽ," आत्माराम ओरडला. आवाज कड्यावर आपटून परत आला. तो पुन्हा ओरडला, "ओऽऽ, हितं हाय मी... ये गो बाय..."

रानात पाखरं पुन्हा बोलू लागली. सानवी वर पळाली, आणि पाच मिनिटांत दोघी उतरताना दिसल्या. मृणालीच्या गुडघ्याला माती होती, चेहरा रडून लाल झालेला, तरी ती हसत होती. हातात करवंदांनी भरलेला पानांचा द्रोण होता. निशिगंधाने तिला मिठी मारली आणि मग पाठीत एक धपाटाही घातला.

मृणालीने सांगितलं ते असं. ती वाट चुकली, घाबरली, दोनदा कूक घातली. तिसरी घालायला गेली तर घसा कोरडा पडून आवाजच फुटेना. पुढे उजेड दिसला म्हणून मोकळं रान असेल असं वाटून ती निघाली, तर मागून कुणीतरी ओढणी धरून ओढलं. ती गुडघ्यावर पडली. समोरची माती तिच्या डोळ्यांदेखत कड्याखाली गेली. मागे एक लहान मुलगी उभी होती.

"अनवाणी होती हो, आजोबा. विटका हिरवा परकर. हा द्रोण दिला, हाताने वाट दाखवली. नाव विचारलं तर नुसती हसली. जीभ काळी झाली होती करवंदांनी."

"धनगरवाड्यावरची असेल," अपूर्व म्हणाला.

सानवी म्हणाली की धनगरवाडा गेल्या सालीच उठून खाली रस्त्याकडेला गेला. वर आता कुणी राहत नाही.

पण तोवर अपूर्वने द्रोणातली करवंदं वाटलीही होती. काळीभोर, पिकलेली, उन्हाने कोमट. असली गोड करवंदं आपण जन्मात खाल्ली नाहीत, निशिगंधा म्हणाली. घाबरलेली माणसं सुटली की जशी खूप बोलतात तशी सगळी बोलत होती. आजूबाजूच्या जाळ्यांवर हिरवी, कडक फळं लटकत होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आत्मारामने रिकामा द्रोण मागून घेतला. पान ताजं होतं. काटा डावीकडून टोचलेला होता.

तो झऱ्याच्या खालच्या वळणापर्यंत एकटाच चालत गेला. तिथे दोन वाटा फुटतात. एक पुन्हा रानात चढते, दुसरी त्याच्या घराच्या मागच्या दारी उतरते. कुंभ्याच्या सावलीत ती उभी होती. तेवढीच. आठ वर्षांची.

"जने," तो म्हणाला, "लय उशीर केला गो... मी केला."

तिने डाव्या हाताने तोंड पुसलं. त्याच्या पांढऱ्या केसांकडे, हातातल्या द्रोणाकडे बघितलं. वर झऱ्यावरून सानवी खालच्या आजोबांसकट माणसं मोजत होती, आणि हसत होती, कारण तिची मोजणी दोन्ही वेळा एकाने जास्त आली होती.

आत्मारामला वाटलं, आता ही रानात जाईल. त्याने डोळे पुसले.

ती वळली, आणि त्याच्या घराच्या वाटेने खाली चालू लागली.