पहिल्या रांगेतलं कार्ड

चित्रपटगृहाच्या मालकांना प्रेक्षकांचं मन जाणून घ्यायची भारी हौस. म्हणून प्रत्येक खेळाआधी ताई खुर्चीखुर्चीवर एक कार्ड आणि बोटभर पेन्सिल ठेवायची. कार्डावर खुर्चीचा नंबर छापलेला, खाली एकच प्रश्न: काय लक्षात राहिलं? खेळ सुटला की कार्डं गोळा करून ती ऑफिसात वाचत बसायची. पंधरा वर्षं तिने हेच काम केलं होतं. अक्षरावरून माणूस ओळखते, असं ती म्हणायची आणि वाद नको म्हणून सगळे माना डोलवायचे.

त्या आठवड्यात आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळी कुटुंबाचा सिनेमा लागला होता. दोन तास वारा, पाऊस आणि न बोलणारी माणसं. बाप समुद्राने गिळलेला, आई खंगून गेलेली, आणि तिच्या आजारपणात न फिरकलेला मुलगा शेवटी बहिणीच्या दारावर थापा मारत उभा. बहीण कडीकडे बघत राहते, मग दिवा विझवते. संपलं.

"लोक असे सुतकी तोंडाने बाहेर येतात, की पॉपकॉर्न विचारायची लाज वाटते," पॉपकॉर्नवाला कुरकुरायचा.

ताईला मात्र सिनेमा पटला होता. बहिणीचं काहीएक चुकलं नाही, असं तिचं ठाम मत. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी चष्म्याचं दुकान चालवायचा. आईने मोडका चष्मा त्याच्याकडे दुरुस्तीला पाठवला, आणि आज पाठवतो, उद्या पाठवतो करत त्याने दोन महिने घालवले. शेवटी शेवटी आईला लेकीचा चेहराही धड दिसत नव्हता. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताईने दार उघडलं नाही. त्याला चार वर्षं झाली.

आता त्याचं पत्र आलं होतं. "शुक्रवारी सातला येतो. दुकान विकून लांब चाललोय. याही वेळी दार उघडलं नाहीस, तर पुन्हा त्रास देणार नाही." ताईने पत्राच्या घड्या फाटेपर्यंत ते वाचलं आणि ठरवलं, नाही उघडायचं.

मंगळवारी पहिल्या रांगेतल्या एक नंबरच्या खुर्चीवरचं कार्ड भरलेलं निघालं. ती कोपऱ्यातली खुर्ची कुणी घेत नसे, मान अवघडते. ताईची आई तेवढी तिथे हट्टाने बसायची, कारण तिला लांबचं दिसत नसे. कार्डावरची अक्षरं बोराएवढी होती आणि ओळ सोडून घसरली होती. "मला नीट दिसलं नाही. तिने दार उघडलं का?"

कुणाचा तरी चावटपणा, म्हणून ताईने ते बाजूला टाकलं.

बुधवारी वेगवेगळ्या रांगांतली सात कार्डं आली. "बहीण दार उघडते तिथे रडू आलं." गुरुवारी तशी तीस आली. त्यातल्या एकावर होतं, "भाऊ आईचा चष्मा घेऊन येतो, ते बघवत नाही." सिनेमात चष्मा कुणालाच नव्हता.

जिना चढून ती ऑपरेटरकाकांच्या खोलीत गेली.

"काका, शेवट बदललाय का?"

"मी कोण बदलणार? आला तसा दाखवतो. दार बंदच राहतं."

"लोक उघडलं म्हणतात."

काकांनी यंत्रावरची नसलेली धूळ पुसली. "खरं सांगू? शेवटचं मिनिट मी हल्ली बघत नाही. आवाज कमी केला तरी थापा ऐकू येतात."

शुक्रवारी तीनच्या खेळाला ताई स्वतः मधल्या रांगेत जाऊन बसली. थापा सुरू झाल्या. पडद्यावरच्या बहिणीने कडीकडे पाहिलं आणि दिवा विझवला. पडदा काळा झाला.

आणि आजूबाजूच्या सगळ्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड पडला.

उघड्या दारातून पडावा तसा.

शेजारचे आजोबा बायकोला म्हणाले, "उघडलं बाई एकदाचं."

"काय उघडलं?" ताईने विचारलं.

"दार. आणखी काय?" आजोबांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

सात वाजता तिच्या दारावर थाप पडली. मग आणखी दोन. ताई कडीकडे बघत उभी राहिली. तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला, आणि आपण हे कुणाचं बघून करतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिला स्वतःचीच भीती वाटली. तिने कडी काढली.

धाकट्याचे केस पिकले होते. "उघडशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं. पाय पूस आणि आत ये."

त्याने खिशातून आईचा चष्मा काढला, डबीसकट. "पंधरा दिवसांतच झाला होता, ताई. पाठवायचा राहिला. हे सांगायला तोंड नव्हतं."

दोघं पोटभर रडले, आणि मग दुकान विकण्यावरून पोटभर भांडले. ताईने चष्मा आईच्या कपाटात ठेवला. इतक्या वर्षांनी घरात दोन ताटं वाढताना तिला फार बरं वाटलं. धाकटा म्हणाला, दुकानाचं बघू, आता घाई नाही.

शनिवारी दुपारी तिने कार्डं गोळा केली. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, "दार उघडायला हवं होतं." ताई स्वतःशीच हसली.

पहिल्या रांगेचं एकही तिकीट गेलं नव्हतं. तरी एक नंबरचं कार्ड भरलेलं होतं. या वेळी अक्षर बारीक होतं, ओळीत. याच अक्षरात तिच्या शाळेच्या वह्यांवर तिचं नाव असायचं.

"आज नीट दिसलं."

ताईने घरी फोन लावला. "अरे, कपाटात आईचा चष्मा आहे ना?"

धाकटा उठल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज आला. मग डबीचं झाकण उघडल्याचा.

"डबी आहे," तो म्हणाला.