शेवंतीची सुई

"घोडी परवा लंगडत होती. आज लंगडत नाही. मला हे पटत नाही," अपेक्षा तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिसऱ्यांदा कुणी ऐकलं नाही.

सुट्टीत जिंतूरजवळ काकांच्या गावी आल्यापासून तिचं डोकं रोज तापत होतं. घरात दोनच विषय होते. एक, उद्याच्या खंडोबाच्या जत्रेतली घोड्यांची शर्यत, जिच्यात काकांची घोडी शेवंती पळणार होती. दुसरा, बजरंगदादाचं इंजेक्शन. चंद्रभानकाकांच्या या मुलानं पोलीस भरतीत जोरात पळता यावं म्हणून कुणाच्या तरी नादानं स्टिरॉइड टोचून घेतलं होतं, आणि ते कळल्यापासून काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ महारुद्र औषधाची रिकामी बाटली घेऊन आला. "गव्हाणीमागं होती."

शेजारच्या सुकेशनीनं ती वाचली. तिचे पप्पा जनावरांचे डॉक्टर. "हे बी स्टिरॉइडच हाय. दादाचं ताकदीचं होतं, हे सुजेवरचं. दुखायचं थांबतंय, पण सांधा बरा होत न्हाई. अशी घोडी पळवली तर पाय मोडतोय तिचा."

अपेक्षा बाटली घेऊन थेट काकांपुढं उभी राहिली. "दादाला नको ते शेवंतीला चालतं का, काका?"

काका घोडीला खरारा करत होते. "ते पोरगं हाय. अंगाचं वाटोळं करून घ्यायलंय म्हणून बोललो. हे जनावर हाय."

"दादाला निदान ठाऊक होतं काय टोचायलेत ते. शेवंतीला कुणी विचारलं?"

"घोडीला विचारतेत व्हय? जा, पन्हं पी."

अपेक्षा चरफडत परतली. बाबांना सांगितलं, तर तेही म्हणाले, मोठ्यांच्या मधे बोलू नकोस. म्हणजे मोठ्यांनी काहीही करावं आणि लहानांनी पन्हं प्यावं!

"उद्या काका भंडारा उचलतील ना? मग खोटं कसं बोलतील?" महारुद्रनं विचारलं.

शर्यतीआधी प्रत्येक मालक देवळात भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायचा. पुजारीण सगुणाबाई शब्द सांगायच्या, मालक ते म्हणायचे.

"शपथ दारूची हाय," सुकेशनी म्हणाली. "घोड्याला दारू पाजली न्हाई, एवढंच म्हणतेत. सुईचं त्यात नावच न्हाई. म्हणून तर काका बिनघोर हायत."

तिघं तडक देवळात गेली. सगुणाबाई ताटात हळद चाळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, बाटली उलटसुलट पाहिली.

"शब्द देवानं दिलेले न्हाईत, लेकरांनो. माणसांनीच बसवलेत," त्या म्हणाल्या. "एक वाढला तर देव रुसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी नऊ घोडी आली. नऊ मालकांनी मुठीत भंडारा घेतला.

"दारू पाजली न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. नऊ जण खणखणीत बोलले.

"सुई टोचली न्हाई."

मालकांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हे कवापासून?" एकानं विचारलं.

"आजपासून."

एकानं भंडारा ताटात परत ठेवला. मग दुसऱ्यानं. चौघांनी ठेवला, तेव्हा अपेक्षानं कपाळावर हात मारला. ती एका काकांना पकडायला आली होती, इथं निम्मा गाव निघाला. पाचवे चंद्रभानकाका. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मूठ उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी टोचलीय."

सुकेशनीच्या पप्पांनी घोडीचा पाय तपासला. "आज पळाली असती तर परत उभी राहिली नसती. महिनाभर हलवू नका."

चारच घोडी पळाली. कोण जिंकलं ते अपेक्षानं पाहिलंसुद्धा नाही. सरपंचांनी तिघांच्या हातात नारळ दिले आणि पोरं लय हुशार म्हणून पाठ थोपटली. कालपर्यंत या मोठ्यांचे कान कुठं होते, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

संध्याकाळी काका शेवंतीच्या गुडघ्याला थंड पाण्याची पट्टी बांधत होते. बादली धरून बजरंगदादा उभा होता, शेजारी अपेक्षा.

"लय दुखत होतं का गं?" काकांनी घोडीला हळूच विचारलं.

"मला बी दुखायलंय," दादा म्हणाला. "टोचल्या जागी गाठ झालीय. तुमी वरडायलात म्हणून सांगितलं न्हाई."

काकांचे हात थांबले. आठ दिवस ते दादाला बोलत होते, पण दुखतंय का, हे त्यांनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"चप्पल घाल. दवाखान्यात जाऊ," म्हणत ते उठले आणि अपेक्षाकडं वळले. "तू बी चल, बाई. मला नीट विचारता येत न्हाई."