वाऱ्याचा आकडा

लेम्बांगच्या वेधशाळेत नेन्देन पहिल्या दिवशी शिरली ती थेट गुगुनच्या अंगावरच! त्याच्या हातातलं गरम बाजिगूर, म्हणजे नारळाच्या दुधाचं गोड पेय, दोघांच्याही कपड्यांवर. तेव्हापासून तीन आठवडे दोघं भांडतच होती. कशावरून? तर म्हणे, स्टॅकवरून!

दुर्बिणीवरच्या घुमटाची झडप उघडमीट करणारा जुना प्रोग्राम गुगुन सांभाळायचा. त्यात आकडे ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवायचे, आणि हवा तेव्हा सर्वांत वरचा उचलायचा; हाच तो स्टॅक. तो प्रोग्राम ठेवायचा की बदलायचा, हे ठरवून अहवाल द्यायला नेन्देनला धाडलं होतं.

"कांग, बिननावाच्या आकड्यांची चळत कसली लावता? माणसाने डोक्यात ठेवायचं तरी किती?" ती करवादायची. तिकडच्या रीतीने ती त्याला मानाने 'कांग' म्हणायची आणि तो तिला 'नेंग'.

"डोकं आहे ना, नेंग? मग वापरा की थोडं," तो गालात हसायचा. आणि मेला हसला की तिचा राग कुठल्या कुठे पळायचा…

आज तिने त्या प्रोग्राममध्ये वाऱ्याचा वेग मोजायच्या दोन ओळी घातल्या. दुपारी तीनला ढग चढून आले. गुगुनने झडप मिटायचा हुकूम दिला, आणि झडप थोडीशी सरकून थांबली. खाली दुर्बिणीचं आजोबांच्या काळातलं भिंग उघडं!

नेन्देन पडद्याकडे धावली. "माझ्यामुळेच झालं, कांग…"

"रडायचं नंतर. आधी चळत बघू." त्याने सगळे आकडे पडद्यावर मांडले. "हा वरचा चौदा कुणाचा?"

"वाऱ्याचा! मी मोजला… पण उचलायचा राहिला!"

झडपेला सरकायचं होतं नव्वद अंश, पण तो आकडा चौदाच्या खाली दबला होता. वरचा आकडा वाचून ती बिचारी चौदाच सरकली होती. गुगुनने चौदा काढून टाकला, वाऱ्याच्या ओळी बंद केल्या, पुन्हा हुकूम दिला. झडप करकरत मिटली, आणि वर पाऊस ताडताड कोसळला.

नेन्देन खुर्चीत टेकली. "हुश्श… सुटले बाई!" हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आकड्याला नाव असतं तर हा घोळच झाला नसता," गुगुन म्हणाला. "तुमचंच खरं."

"आणि चळत अशी उघडी नसती तर चूक सापडली नसती. तुमचंही खरं."

"मग अहवालात काय लिहिणार?"

"खाली चळत राहू दे, वर नावं चढवू. दोघांनी बसून… सहा महिने लागतील."

"सहाच?" त्याचे कान लाल झाले. "नेंग, प्रोग्राम जाईल याची मला भीती नव्हती. तुम्ही जाल, याची होती. तुम्ही… आवडता मला."

"ठरवायला दोन दिवस पुरले असते, कांग," ती हळूच म्हणाली. "तीन आठवडे मी काय घुमट बघायला राहिले?"