तिसरा पुकारा

एकतीस वर्षं मी मुलांना एकच गोष्ट तळमळीने शिकवली. जे ऐकलं, जे पाहिलं, तेच सांगायचं.

म्हणून पुढचं सगळं खरं आहे. खोटं मी एकदाच बोललो, तेही कोर्टात. ते कसं घडलं, हेच सांगायला बसलोय.

तारीख पक्की आठवते. २२ एप्रिल १९९६, सोमवार. सकाळचे नऊ. बाहेर लख्ख ऊन होतं. असल्या गोष्टी फक्त रात्री घडतात, असं मलाही तोवर वाटायचं...

टेक्सासच्या दक्षिणेकडची आमची काउंटी, म्हणजे जिल्हा, लहान. तिचं नाव सांगत नाही, कारण ती बाई अजून तिथेच राहते.

मी एमिल कुबेना. चौथीचा मास्तर. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून काउंटीच्या कोर्टात बेलिफ झालो. जज आले की सगळ्यांना उभं करायचं, ज्यूरीला पाणी द्यायचं, आणि सोमवारी आरोपींच्या नावांचा पुकारा करायचा.

"मास्तर, आजची हजेरी लांबलचक दिसतेय," काउंटीचा पोलीस डेप्युटी बक स्टॅन्सेल मला चिडवायचा. "छडी आणलीत ना? आणि कानातलं यंत्र?"

"आणलंय. तू चौथीत दोनदा बसलास, तेही अजून ऐकू येतंय त्यात."

हसायचो आम्ही. पण ते यंत्र मला टोचायचं. त्यात कधी खरखर यायची, कधी कोणी न बोललेलंही ऐकू यायचं. नाताळात जज व्हिटलींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "एमिल, कान ठीक आहेत ना? नसतील तर सांग. लाजू नकोस."

बायको जाऊन वर्ष झालं होतं. ही नोकरी गेली असती, तर दिवसभर भिंतीकडे बघत बसावं लागलं असतं.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

त्या दिवशीच्या यादीत सातवं नाव होतं एलिसेओ कांतूचं.

तो माझा विद्यार्थी. आठ-नऊ वर्षांचा असताना वर्गात आला, तेव्हा त्याला फक्त स्पॅनिश यायचं. हजेरीला नाव घेतलं की मान खाली घालून गप्प बसायचा. एक दिवस मी त्याच्या बाकाशी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "हे बघ बाळा, तू बोलला नाहीस तर मी कागदावर तुला गैरहजर लिहिणार. मग तू इथे बसलेला असलास, तरी कागदावर नसशील. चालेल?"

त्याने मान हलवली. नाही चालणार.

"मग हात वर कर आणि मोठ्याने म्हण. हजर, सर."

तीनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा अख्खा वर्ग हसला, इतक्या जोरात ओरडला तो.

आता तो तेवीस वर्षांचा होता. एका रँचवर गुरं सांभाळायचा. तिथली तीन वासरं नाहीशी झाली आणि मुकादमाने याचं नाव घेतलं.

आमच्याकडे खटला कसा चालतो, ते थोडक्यात सांगतो. आधी अटक. मग जामीन. मग ग्रँड ज्यूरी, म्हणजे गावातलीच बारा माणसं, बंद दाराआड बसून ठरवतात की आरोप ठेवण्यासारखं काही आहे का. मग जज विचारतात, गुन्हा कबूल आहे का? आणि मधल्या काळात सरकारी वकील एक सौदा पुढे करतो. कबूल कर, तुरुंग टळेल. बहुतेक जण इथेच कबूल करतात. केलेलं असो की नसो.

एलिसेओने केलं नाही.

"वासरं मुकादमाने विकलीत, सर," तो कोर्टाच्या पायऱ्यांवर मला म्हणाला होता. "लिलावातल्या माणसाकडून पावती आणतोय. मी हो कशाला म्हणू? तुम्हीच सांगायचा ना, येत नाही ते उत्तर लिहायचं नाही."

खटला त्या सोमवारी उभा राहणार होता.

त्याची आई, ओफेलिया, खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. ती इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पहाटे कामाला यायची, तिथूनच थेट आली होती. अंगावर तसाच पांढरा एप्रन. मुलगा घरच्या गुरांना चारा घालून मागून ट्रक घेऊन येणार होता.

नऊ वाजले.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली.

एलिसेओ आला नाही.

"येईल तो, जजसाहेब," ओफेलिया उभी राहून म्हणाली. "शर्ट इस्त्री करून ठेवलाय मी. येईल."

जजनी माझ्याकडे पाहिलं. "एमिल, दारावर पुकारा कर."

हा आमच्याकडचा नियम आहे. आरोपी हजर नसला, की बेलिफने कोर्टाच्या मोठ्या दारात जायचं आणि त्याचं पूर्ण नाव स्पष्ट, तीनदा पुकारायचं. मग आत येऊन कागदावर सही करायची, की तीनदा पुकारलं, उत्तर आलं नाही. त्या एका सहीने माणूस फरार होतो.

मी दार उघडलं.

समोर पायऱ्या. हिरवळ. जुनं ओकचं झाड. त्या झाडावर काळ्या पाखरांचा थवा दिवसभर नुसता कालवा करायचा...

त्या क्षणी एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"एलिसेओ रामोन कांतू!"

शांतता.

आणि मग...

टक्... टक्... टक्...

घड्याळासारखा आवाज. पण घड्याळापेक्षा जड. अगदी जवळून येत होता, पायऱ्यांवरूनच.

आणि त्यामागून, अगदी स्पष्ट...

"हजर, सर!"

मी चटकन वळून पाहिलं. कोणी नाही. खांबामागे पाहिलं. कोणीच नाही.

यंत्र, मी मनाशी म्हटलं. हे यंत्राचंच काहीतरी. मी ते कानातून काढून खिशात टाकलं. आता मला शेजारून जाणारी गाडीही धड ऐकू येत नव्हती.

"एलिसेओ रामोन कांतू!"

टक्... टक्...

"हजर... सर..."

या वेळी आवाज घोगरा होता. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. आणि नाकात ओल्या चिखलाचा वास घुसला. दीड महिना आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता.



तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा माझाच आवाज मला ओळखू येईना.

"एलिसेओ... रामोन... कांतू!"

टक्...

टक्...

खूप वेळ काहीच नाही. मग जेमतेम श्वासाएवढा...

"इथे... सर..."

आणि झाडावरची सगळी पाखरं एकदम किंचाळत उडाली.

मी आत आलो. आत वेगळाच गोंधळ चालला होता. ओफेलिया बाकावरून उठून मध्येच आली होती आणि ओरडत होती, "आला! माझा पोर आला! मी ऐकलं खिडकीतून! मास्तर, सांगा ना यांना!"

बाकीचे एकमेकांकडे बघत होते. कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

"एमिल," जज म्हणाले. "उत्तर आलं का?"

अख्खं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. यंत्र माझ्या खिशात होतं. बक माझ्या मोकळ्या कानाकडे बघत होता. काय सांगणार होतो मी? रिकाम्या पायऱ्यांनी हजेरी दिली?

"नाही, जजसाहेब," मी म्हणालो. "बाहेर कोणी नाही."

"मास्तर!" ओफेलियाने माझी बाही धरली. "तुम्ही ऐकलंत. तोंडावर दिसतंय तुमच्या."

मी बाही सोडवून घेतली.

आणि सही केली.

पकड वॉरंट निघालं. शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, दोन्ही गाड्या दक्षिणेला सोडल्या, सीमेकडे. पळालेला पोरगा मेक्सिकोलाच जाणार, यात कोणाला शंका नव्हती.

ओफेलिया बकच्या मागे लागली. "आमच्या घराच्या रस्त्याला बघा हो. एकदा बघा."

"बाई, पळालेला माणूस घराच्या रस्त्यावर बसून राहतो का?"

मग ती स्वतःच निघाली. पायी. अकरा मैल, एप्रिलच्या उन्हात, त्याच एप्रनमध्ये. वाटेवर मुलाच्या नावाने हाका मारत.

गुरुवारी कुंपण दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला ट्रक सापडला. गावाकडे वळायच्या जागी जुना पूल आहे, त्याच्याखाली उलटा पडला होता. वरून दिसत नव्हता. ओढ्यात इतरत्र धूळ होती, पण त्या पुलाखाली गुडघाभर चिखल कधीच आटत नसे.

बक संध्याकाळी माझ्याकडे आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.

"इस्त्रीचा शर्ट होता, मास्तर. खिशात लिलावाची पावती. तीन वासरं, खाली मुकादमाची सही."

बकने टोपी टेबलावर ठेवली.

"डावीकडे वळायचा दिवा चालू करून ठेवलेला होता. बॅटरी संपेपर्यंत बिचारा टकटकत राहिला असेल. तो गावाकडेच येत होता."

"कधी गेला तो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लगेच नाही गेला. पाय अडकले होते. डॉक्टर म्हणतात... दुपारी बाराच्या सुमारास."

बारा.

मी पुकारलं, ते नऊ वाजून दहा मिनिटांनी.

तेव्हा तो जिवंत होता. अकरा मैलांवर, उलट्या ट्रकमध्ये. आणि हजेरी देत होता.

मी एकदा फक्त "हो" म्हणालो असतो, तर जजनी दारात माणसं धाडली असती. इथे नाही तर कुठे, म्हणून कोणीतरी त्याच्या घराच्या रस्त्याला गेलं असतं. गाडीने पंधरा मिनिटं लागतात.

ओफेलिया त्या पुलावरून दोन वाजता गेली होती. तिथेही तिने हाक मारली होती. तिला उत्तर आलं नाही.

आरोपी मेला की आमच्याकडे खटलाही तिथेच संपतो. निर्दोष, असंही कोणी म्हणत नाही. फाईल बांधून ठेवतात. त्या फाईलमध्ये सगळ्यात वर माझी सही आहे... उत्तर आलं नाही.

दुरुस्ती करायला गेलो होतो मी. "संपलेल्या खटल्यात काही लिहिता येत नाही, एमिल," जज म्हणाले. त्यांनी माझा राजीनामा मात्र घेतला.

दफनानंतर ओफेलियाकडे गेलो. मारेल, थुंकेल, असं वाटलं होतं. मी त्यासाठीच गेलो होतो.

तिने मला आत घेतलं. समोर कॉफी ठेवली.

"मास्तर, पहिले दोन मला ऐकू आले," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा काय म्हणाला तो?"

मी सांगितलं.

तिने एप्रनचा बोळा करून तोंडात कोंबला. मी घराबाहेर पडेपर्यंत तो काढला नाही.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. बक गेला, जज गेले. मी नव्वदीला आलो. यंत्र काढलं तर आता मला काहीच ऐकू येत नाही. अगदी काहीच नाही.

तरीही दर सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी...

टक्... टक्... टक्...

मग मी उठून घराच्या दारात जातो. त्याचं पूर्ण नाव तीनदा घेतो. उत्तर येत नाही. तेव्हा मीच मोठ्याने म्हणतो, "हजर. एलिसेओ हजर आहे. मी ऐकलंय."

तसं म्हटलं की आवाज थांबायचा. पुढच्या सोमवारपर्यंत.

काल सोमवार होता. काल मी म्हणालो. तीनदा म्हणालो. घसा फुटेपर्यंत म्हणालो.

आज मंगळवार आहे.

यंत्र टेबलावर पडलंय...

आणि ती टकटक अजून चालूच आहे.