तिसरी रेघ

"फरशी राहू दे मामा, आधी वाचन करा," तन्वी हुपरे दारातच म्हणाली.

भूपाल मगदूमनं बादली खाली ठेवली. हल्ली सगळ्याच घरांत हे असं होतं. पूर्वी बायका सोफ्याखाली बोट फिरवून बघायच्या. आता सोफ्याकडं कुणाचं लक्ष नसायचं. सगळे यंत्राच्या पडद्याकडं बघायचे.

यंत्राचं नाव धूळवाचक. दिसायला साध्या व्हॅक्यूमसारखंच. माणसाच्या अंगावरून कातडीचा बारीक भुगा सतत गळत असतो आणि प्रत्येकाचा भुगा वेगळा असतो. धूळ ओढता ओढता यंत्र तो चाळायचं आणि पडद्यावर माणसागणिक एक रेघ काढायचं. ज्याची त्याची रेघ निराळी, अंगठ्याच्या ठशासारखी. नवी रेघ आली की यंत्र विचारायचं, घरातलं की बाहेरचं? आपण बटण दाबलं की ते लक्षात ठेवायचं. कुणाला कसली ॲलर्जी आहे ते कळावं म्हणून हे, असं कंपनी सांगत होती.

भूपाल आयुष्यभर इचलकरंजीत जॉबर होता, यंत्रमाग दुरुस्त करायचा. बायको, मालन, वारल्यावर त्याला कारखान्यात उभं राहवेना. दुपारचा डबा घेऊन ती तिथंच यायची. म्हणून त्यानं घरं साफ करून द्यायचा धंदा काढला. गिऱ्हाईक मिळायचं, टिकायचं नाही. दिवाळीला एकदा बोलवायचे, छान केलंत म्हणायचे आणि विसरून जायचे. मग त्या कंपनीनं धूळवाचक वापरायला दिलं, तेही फुकट, आणि बघता बघता दर आठवड्याची घरं लागली. त्याला आधी वाटलं, आपलं काम लोकांना पटलं.

मग याच सोसायटीत, खालच्या मजल्यावरच्या बिरनाळे बाईंनी विचारलं, "ही बाहेरची रेघ कुणाची हो? सुनेच्या खोलीत?" पुढच्या खेपेला सून घरात नव्हती. भूपाल फरशी पुसून गप्प बाहेर पडला. वाचनाबद्दल गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, अशी कंपनीची ताकीद होती. पण तेव्हापासून त्याला प्रत्येक फोनचा संशय यायला लागला. ही माणसं आपल्याला नक्की कशासाठी बोलावतात?

"आतल्या खोलीत लावा," तन्वी म्हणाली. तिला सातवा महिना होता. दाराशी भरलेली बॅग होती.

भूपालनं यंत्र चालू केलं. पडद्यावर रेघा उमटल्या. एक तन्वीची, एक तिच्या नवऱ्याची, ओंकारची. आणि तिसरी.

"आली बघा भवानी," तन्वी म्हणाली. "गेल्या खेपेला बाहेरच्या खोलीत पुसटशी होती, म्हणून मी बटण दाबलं नाही. आज स्पष्ट आली. हा म्हणतो, घरी कुणीच येत नाही. मी शाळेत शिकवायला गेले की कोण येतं मग? भूत?"

भूपाल पडद्यावर वाकला. तिसरी रेघ पिवळसर होती, मध्ये दोन ठिकाणी तुटलेली.

यंत्र मिळालं तेव्हा त्यानं ते पहिल्यांदा आपल्याच घरात लावून बघितलं होतं. रेघा दोन आल्या. एक त्याची. दुसरी कुणाची हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं 'घरातलं' दाबलं. त्यानंतर त्यानं स्वतःच्या घरात झाडू लावला नाही. तरी दर वाचनाला रेघ बारीक होत गेली, कारण वाचायचं म्हणजे ओढून घ्यायचं. शेवटी ती उमटेनाशी झाली.

तीच रेघ आता इथं होती. यंत्र प्रत्येक घराची आठवण वेगळी ठेवायचं, म्हणून इथं त्याला ती नवी होती. भूपालला नव्हती.

मालन या घरात कशाला यायची? मनात हा प्रश्न आला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. वर्षापूर्वी जिला अग्नी दिला, तिच्यावर संशय?

"यंत्र चुकलंय," तो म्हणाला.

"आजवर चुकलं नाही ते आजच चुकलं? ओंकार भेटला वाटतं तुम्हाला. काय दिलं त्यानं?"

"काही नाही, पोरी."

"मग त्याची बाजू का घेताय?"

भूपालनं नळी हातात घेतली आणि खोलीभर फिरवली. कपाटाजवळ रेघ पुसट झाली, पलंगाजवळ ठळक. पायथ्याशी घडी घातलेली वाकळ होती, जुन्या लुगड्यांची हातानं शिवलेली गोधडी. नळी तिच्याजवळ नेली तशी रेघ जाडजूड झाली. त्यानं ओढणं बंद करायचं बटण घाईघाईनं दाबलं. पडद्यावर प्रश्न तेवढा राहिला, घरातलं की बाहेरचं?

"ही कुठली?"

"ओंकारनं आणली. बाळासाठी. गंगव्वा शिवते ना, तिच्याकडून. जुनं कापड मऊ असतं म्हणाला."

भूपालनं घडी उलगडली. मधोमध हिरव्या साडीचा तुकडा होता, त्यावर काळपट डाग. मागाच्या तेलाचा. डबा घेताना त्याचाच हात लागला होता आणि मालननं त्यावरून त्याला बरंच ऐकवलं होतं. तिच्या साड्या त्यानंच गंगव्वाला देऊन टाकल्या होत्या. कपाट उघडवत नव्हतं.

वाकळ पुन्हा घडी घालून ठेवता आली असती. हे बोललं की संध्याकाळपर्यंत सोसायटीभर होणार, यंत्राला माणूस आणि कापड यांतला फरक कळत नाही. मग दर आठवड्याला कोण बोलावणार? नुसत्या फरशीसाठी कुणी बोलावत नव्हतं. त्यानं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडं बघितलं. पोर नवऱ्याला सोडून निघाली होती.

"ही माझ्या बायकोची साडी आहे," तो म्हणाला. "रेघ तिची. ती वारली. तुझ्या नवऱ्याकडं कुणी येत नाही."

तन्वीनं डागावर बोट ठेवलं.

"आणि बिरनाळ्यांची सून?" तिनं हळूच विचारलं. "तिच्या खोलीतपण असंच काही असेल?"

"ठाऊक नाही. इथून आता तिकडंच जातो."

"ते तुम्हाला पुन्हा बोलावणार नाहीत."

"नाही बोलावणार."

तन्वीनं वाकळ त्याच्यापुढं धरली. "घेऊन जावा मामा. तुमची आहे."

"नको. बाळासाठी आणलीय नवऱ्यानं." तो थांबला. "फक्त हिच्यावर यंत्र फिरवू देऊ नको कुणाला."

तिनं वाकळ मांडीवर ओढून घेतली. पडद्यावर प्रश्न अजून लुकलुकत होता. ती वाकून बटणांपाशी बोट घेऊन गेली आणि तिथंच थांबली.

"मामा," ती म्हणाली, "काय दाबू?"